नौपाड्यातील गीतलेखन कार्यशाळा : पेटीजवळ पक्की, करारापाशी कच्ची

ठाण्याच्या नौपाड्यातील एका छोट्या ध्वनिमुद्रण स्टुडिओने गेल्या महिन्यात दोन दिवसांची गीतलेखन कार्यशाळा भरवली होती. शुल्क ३,५०० रुपये, जागा बारा, आणि चालीवर शब्द कसे लिहावेत इथपासून त्यांचे पैसे कसे मिळवावेत इथपर्यंत सारे शिकवण्याचे आश्वासन. कविता लिहिणाऱ्या, पण पेटीजवळ कधीच न बसलेल्या माणसाने पहिला दिवस चुकवू नये. दुसऱ्या दिवसाविषयी मात्र माझी तक्रार आहे.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या संगीतकारांनी रूपक तालातील एक चाल ‘ला ला’वर गाऊन दाखवली आणि प्रत्येकाला तिच्यावर मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, लिहायला सांगितला. मी ‘आला पावसाळा’ असे शब्द दिले. मात्रा बिनचूक होत्या. परंतु रूपकाच्या सात मात्रा ‘आला पाव’पाशी संपत आणि उरलेला ‘साळा’ पुढच्या समेवर, म्हणजे तालाच्या नव्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर, एकटाच जाऊन पडे. ‘अहो बाई, तुमच्या दारी बेकरीचा पाव आलाय,’ असे ते म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर मी ‘आला मेघ दारी’ असे केले, तेव्हा ‘मेघ’ पुढच्या समेआधी पुरा झाला. कागदावर निर्दोष असलेली ओळ गळ्यात का अडखळते, हे इतक्या वर्षांच्या कवितालेखनात मला कळले नव्हते. चाल फोनवर मागवायची असेल तर ती ठेक्यासह मागवावी, नुसत्या गुणगुणण्यावर लिहू नये, हा त्यांचा सल्लाही लाखमोलाचा होता.

दुसऱ्या दिवशी वाटलेल्या नमुना करारात एकरकमी मानधनाच्या बदल्यात ‘सर्व हक्क कायमचे’ निर्मात्याला देण्याचे कलम होते आणि रॉयल्टीचा, म्हणजे गाण्याच्या पुढच्या वापरातून मिळणाऱ्या वाट्याचा, उल्लेखही नव्हता. वास्तविक १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजण्याखेरीज गाण्याचा जो अन्य वापर होतो, त्याच्या रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क गीतकाराला निर्मात्याच्या नावे सोडून देताच येत नाही; चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गाण्यांनाही हे संरक्षण आहे. शिवाय हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेले नसेल, तर ती मुदत पाच वर्षे धरली जाते. मी हे विचारले, तेव्हा ‘बाजारात असेच चालते’ एवढेच उत्तर मिळाले. पी. सावळाराम यांच्यासारखा गीतकार ज्या ठाण्याचा नगराध्यक्ष होता, तेथे तरी गीतकाराच्या हाती असा कागद पडू नये.

गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्यासाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचा विषय दहा मिनिटांत गुंडाळला गेला. सभासद होऊन भागत नाही, प्रत्येक गाणे कोणाचा किती वाटा यासह नोंदवावे लागते, ही गोष्ट एका सहभागी गायकाने सांगितली, आयोजकांनी नव्हे. त्याने तर ध्वनिमुद्रणाच्याच दिवशी संगीतकाराशी वाट्याचे ठरवून ते लेखी ठेवण्याची सवय लावून घेतली आहे. निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी.

पहिल्या दिवसाला पाचपैकी साडेचार तारे, दुसऱ्याला दोन. पुढच्या तुकडीपर्यंत नमुना करार बदलू, असे आयोजकांनी मला सांगितले आहे. नाव नोंदवण्यापूर्वी तो कागद मागून घ्यावा, आणि जेवून जावे, कारण तेथे चहाखेरीज काही मिळत नाही.