खेळांतून गणित: ॲप, सापशिडी आणि पत्ते, बरेच महिने वापरल्यावर

मुलगी दुसरीत आहे आणि गेले बरेच महिने आम्ही गणितासाठी खेळ वापरतोय. एक विकतचं ॲप (नाव लिहीत नाही), एक सापशिडी आणि पत्त्यांचा कॅट. याने खरंच काही येतं का नुसता टाइमपास, असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ॲप. ग्राफिक्स भारी, मुलं हलत नाहीत जागेवरून, पण प्रकार असा की एक गणित सोडवा मग गाडी पळवायला मिळणार, परत गणित, परत गाडी. थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं की चार पर्यायांपैकी काहीही दाबत सुटलं तरी गाडी येतेच. रिपोर्टमध्ये स्टारच स्टार आणि कागदावर १३ - ७ दिलं की बोटं बाहेर. माझं स्पष्ट मत, गणित काढून टाकलं तरी खेळ तसाच चालत असेल तर ते ॲप घेऊच नका. यावर २०११ मध्ये हॅबगुड आणि एन्सवर्थ यांचा अभ्यास आलाय, भागाकाराचा एकच गेम दोन प्रकारे बनवला, एकात भागाकार करूनच सांगाडे हरवायचे, दुसऱ्यात लढाई वेगळी आणि प्रश्न वेगळे. पहिल्या प्रकारात मुलं जास्त शिकली आणि मोकळीक दिल्यावर कितीतरी जास्त वेळ तोच खेळत बसली.

सापशिडीने मात्र खरंच फरक पडला, पण मोजायची पद्धत बदलल्यावर. सोंगटी २८ वर आणि फाशावर ४ पडले की मुलं "एक, दोन, तीन, चार" म्हणत सरकवतात. आम्ही नियम केला की घरातला आकडाच म्हणायचा, "एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस". लास्की आणि सिग्लर यांनी २०१४ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर हेच तपासलं होतं, आकडा म्हणत पुढे जाणाऱ्यांना जास्त फायदा झाला. हळूहळू ती फासा पडल्या पडल्या, सोंगटीला हात लावायच्या आधीच ओरडायला लागली, "बत्तीसला साप आहे!" म्हणजे बेरीज डोक्यात झाली ना. अजून एक, बाजारातला पट नागमोडी असतो, आम्ही पुठ्ठ्यावर प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होणारा काढला, मग २८ च्या बरोबर वर ३८ येतो आणि १० मिळवणं डोळ्यांना दिसतं.

पत्त्यांत गुलाम, राणी, राजा काढून टाकायचे, दोघांनी दोन-दोन पानं उघडायची, ज्याची बेरीज मोठी त्याला सगळी. ९ आणि ४ आले की आता ती ४ मधला एक ९ ला देते आणि १३ म्हणते, हे कोणी शिकवलं नव्हतं.

त्रास म्हणाल तर मोठ्या माणसाला रोज सोबत बसावं लागतं, यात शॉर्टकट नाही. हरल्यावर रडारड होते, विशेषतः ९८ वरून खाली आल्यावर. आणि पाढे काही यातून आले नाहीत, ते अजून म्हणूनच पाठ करतोय.

सध्या एक्का ते नव्वीचा खेळ चालू आहे, नऊ पानं उघडी मांडायची, आलटून पालटून एकेक उचलायचं, ज्याच्याकडे आधी तीन पानांची बेरीज १५ होईल तो जिंकला. यात माझी पानं बघून माझं १५ अडवायचं पण असतं, त्यामुळे दोघींच्या बेरजा तीच करत बसते आणि मला एक चाल विचार न करता खेळू देत नाही.