माझ्या गुडघ्यांची सुटका करणारा किकिंग स्टँड

लेक अमेरिकन फुटबॉल खेळतो, त्यात तो किकर. जमिनीवर उभा धरलेला लांबट चेंडू लाथेने गोलपोस्टच्या दोन खांबांमधून पार धाडायचा, तो फील्ड गोल. चार वर्षं त्याच्या या सरावाला चेंडू धरायचं काम माझ्याकडे होतं. एक गुडघा गवतात, बोट चेंडूच्या टोकावर आणि डोळे गच्च मिटलेले. "आई, तू डोळे मिटलेस की चेंडू कलतो गं!" हे दर शनिवारी ऐकायचे. शेवटी चाळीसेक डॉलर मोजले आणि हा स्टँड मागवला.

वस्तू साधी आहे. तीन पाय, वर वाकवलेली दांडी, तिच्या टोकाला रबरी टोपी. टोपी चेंडूच्या वरच्या टोकावर टेकवायची, खालचं टोक थेट जमिनीवर. लेसेस, म्हणजे चेंडूवरची दोरीची शिवण, गोलपोस्टकडे वळवायच्या, हवा तेवढा कल द्यायचा, झालं. सोबतच्या कागदावर चित्र फक्त उजव्या पायाच्या किकरचं. आमचा डावा, त्यामुळे पहिल्या दिवशी स्टँडचा पायच त्याच्या वाटेत आला. नडगीवरचा काळा-निळा डाग आठवडाभर मिरवला.

आम्ही सदर्न कॅलिफोर्नियात राहतो. इथे हायस्कूलचं सॉकर (आपल्याकडचा फुटबॉल) हिवाळ्यात असतं आणि अमेरिकन फुटबॉल त्याआधी, म्हणून त्याला दोन्ही खेळ जमले. सॉकरवाल्याला किक काय अवघड, असं लोकांना वाटतं. पण हायस्कूलमध्ये फील्ड गोलला चेंडूखाली दोन इंचांचा ठोकळा चालतो, कॉलेजात १९८९ पासून तोही नाही. शिवाय हायस्कूलचे पोस्ट २३ फूट ४ इंच रुंद, कॉलेजचे १८ फूट ६ इंच. कॉलेजच्या संघात गेल्यावर पहिले पंधरा दिवस गडी नुसती माती उकरत होता. ठोकळ्याची ती सवय मोडली ती या स्टँडने, कारण दिवसाला पन्नास वेळा चेंडू जमिनीवर ठेवून द्यायला मी काही बसले नसते.

दोन्ही खेळ सांभाळताना तो रडायला लागला की मी सारा फुलरचं नाव काढते. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मुलींच्या सॉकर संघाची गोलकीपर. २०२० मध्ये सॉकरची कॉन्फरन्स (विद्यापीठांच्या गटाची) स्पर्धा जिंकून आठवडाही झाला नव्हता, तोच २८ नोव्हेंबरला मिसुरीविरुद्ध मुलांच्या अमेरिकन फुटबॉल संघातून किकला उभी! पुढच्याच महिन्यात टेनेसीविरुद्ध दोन एक्स्ट्रा पॉइंट, म्हणजे टचडाउननंतरच्या किकने मिळणारे जादा गुण. तो म्हणतो, "आई, पुरे." बरं, पुरे.

आता खोड. सकाळी स्प्रिंकलर चालून गेले की ओल्या गवतात पाय रुततात आणि चेंडू मागे झुकतो. रबरी टोपी दुसऱ्या महिन्यात हरवली. विकणाऱ्याला दोन मेल टाकले, उत्तर नाही. सध्या खुर्चीच्या पायाचं बूच बसवलंय, चाललंय. तुम्ही घेणार असाल तर सुटी टोपी मिळते का ते आधी विचारा.

मोठी उणीव मात्र टोपीची नाही. सामन्यात स्नॅपपासून (पुढचा खेळाडू चेंडू मागे फेकतो तो) किकपर्यंत जेमतेम १.३ सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात होल्डर, म्हणजे चेंडू धरणारा गडी, चेंडू झेलून, फिरवून, टेकवून देतो. स्टँड बिचारा ढिम्म उभा. त्याच्यापुढे लेक निवांत श्वास घेतो, केस सारखे करतो, मग धावतो. म्हणून शेवटच्या दहा किकना धाकटा स्नॅप टाकतो आणि गुडघा टेकून मीच बसते. डोळे अजून मिटतातच.

पाचपैकी साडेतीन.