२०१३चा लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि आठ महिने

आधी मशीन सांगते. २०१३चा लॅपटॉप, तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क. सांगलीत विश्रामबागेत मी ८वी ते १०वीचे क्लास घेते, त्यामुळे त्याच्यावरचं काम ठरलेलं: मराठीतून प्रश्नपत्रिका, फीचा हिशोब, मुलांना प्रयोगांचे व्हिडिओ दाखवणं, कधीतरी पालकांशी गूगल मीट.

विंडोज १० सुरू व्हायला चार मिनिटं लागायची. बटण दाबायचं आणि कांदा चिरायला घ्यायचा. त्यात १४ ऑक्टोबर २०२५पासून त्याचे मोफत अपडेट बंद होणार हे जाहीर झालेलं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी आणि इंटेल असेल तर साधारण ८व्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आम्ही तिसरीतच. "नवा घेऊन टाक," असं ह्यांचं म्हणणं. मला ते पटेना, कारण कीबोर्ड उत्तम आहे आणि पडदाही स्वच्छ.

मे महिन्याच्या सुट्टीत विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्स मिंट २२.१, तिच्या हलक्या एक्सएफसीई आवृत्तीत टाकली. ही उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली आहे आणि २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणाऱ्या भाच्याने सुचवली, पण टाकली मीच. सोबत २४० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क, बसवून घेतली आणि जुनी हार्डडिस्क डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) घातली, विंडोजसकट. आता लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होतो. हे वाचून कोणी लिनक्सची आरती ओवाळू नये. यातलं निम्म्याहून जास्त श्रेय एसएसडीचं आहे. तीच एसएसडी विंडोजला दिली असती तर तेही पळालं असतं.

पहिला प्रयत्न फसला. मिंटची फाइल उतरवताना नेट मध्येच गेलं होतं, तरी मी तीच पेनड्राइव्हवर चढवली आणि इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडकलं. फाइल पूर्ण आली का ते सांगणारा आकडा, चेकसम, जुळवून बघायला दोन मिनिटं लागतात. ती वाचवायला गेले आणि दुपार घालवली.

खरा त्रास वायफायने दिला. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं तेव्हा पडदा, आवाज, टचपॅड सगळं आपोआप चाललं, वायफायच्या यादीत मात्र एकही नाव नाही. माझ्या लॅपटॉपमधल्या वायफाय चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, वेगळा टाकावा लागतो, आणि तो उतरवायला नेट लागतं. म्हणजे विहिरीचं पाणी काढायला दोर पाहिजे आणि दोर विहिरीत. उपाय साधा निघाला: मोबाइल यूएसबी केबलने जोडायचा आणि त्यात यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलने देणं) चालू करायचं, लॅपटॉपला नेट मिळतं. त्यातही मी अर्धा तास घालवला, कारण हाताशी होती ती केबल फक्त चार्जिंगची. तिच्यातून डेटा जातच नाही.

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकच्या (व्हिडिओ-गाणी चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) चौकटीत टिक केली की सिक्युअर बूटसाठी, म्हणजे अनोळखी प्रोग्राम सुरू होऊ न देणाऱ्या सोयीसाठी, एक पासवर्ड ठरवायला सांगतात. मी ठरवला, पुढे गेले, इन्स्टॉल झालं, लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला आणि मी चहा टाकायला आत गेले. परत आले तर मिंटचा डेस्कटॉप समोर. ड्रायव्हर मॅनेजरमध्ये वायफायचा ड्रायव्हर टाकला, तो 'वापरात आहे' असंही दिसलं, पण नेटवर्क शून्य. दोन दिवस मी तोच ड्रायव्हर काढत आणि घालत बसले. शेवटी भाच्याला फोन केला.

"मावशी, रीस्टार्ट होताना निळा स्क्रीन आला असणार. तिथं थांबायचं की! कुठं गेलतीस?"

झालं होतं असं. सिक्युअर बूट चालू असेल तर बाहेरून बसवलेल्या ड्रायव्हरची सही मशीनने मान्य केल्याशिवाय तो चालत नाही. ती मान्यता त्या निळ्या पडद्यावर द्यायची असते, आणि तो पडदा दहा सेकंदच थांबतो. कळ दाबली नाही तर काहीही न बोलता नेहमीसारखं सुरू होतं. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) मोकयुटिल या आज्ञेने ती सही ओळखणारी किल्ली पुन्हा नोंदवायला लावली, रीस्टार्ट केलं, या वेळी खुर्चीवरून हलले नाही. निळ्या पडद्यावर एकेक निवडत गेले: एनरोल मोक (किल्ली नोंदवा), कंटिन्यू, येस, ठरवलेला पासवर्ड. वायफाय आलं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हाही मार्ग होता, पण त्याच मशीनवर विंडोज ठेवायचं होतं म्हणून मी त्याला हात लावला नाही.

नोव्हेंबरमध्ये एका अपडेटनंतर वायफाय पुन्हा गेलं. नव्या कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) तो ड्रायव्हर तयारच झाला नव्हता. सुरुवातीच्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचं कर्नल निवडलं की सगळं जागेवर. तेव्हापासून जुनं कर्नल मी कधी पुसत नाही, आणि परीक्षेच्या आठवड्यात अपडेट करत नाही.

विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसायचं. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच आपली वेळ समजतं. संध्याकाळी सहाच्या बॅचला मला साडेबारा दिसायचे. टर्मिनलमधल्या एका ओळीने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावता येतं. तसंच विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू व्हायची सोय) बंद करा, नाहीतर त्याच्या ड्राइव्हवरच्या फाइली लिनक्समधून फक्त वाचता येतात, त्यात काही साठवता येत नाही.

आता मराठी, कारण माझं पोट त्यावर आहे. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या फाँटमध्ये होत्या, युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीत नसलेल्या. लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्राममध्ये उघडल्या तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची मिसळ. तोच फाँट विंडोजमधून उचलून लिनक्सच्या फाँटच्या फोल्डरमध्ये ठेवला तेव्हा वाचता आल्या. छापण्यापुरतं तेवढं चालतं, पण नवीन टाइप करायला ते कामाचं नाही. म्हणून वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड शिकले. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. पहिले पंधरा दिवस एका प्रश्नाला पाच मिनिटं लागत. 'दुसऱ्या'तला र जमेना, माझा 'दुसर्या' व्हायचा. मग कळलं की शिफ्टबरोबर 'जे'ची कळ दाबून नुक्त्याचा ऱ घ्यायचा, मग 'डी'ने पाय मोडायचा, मग य. ळ शिफ्ट-एनवर आहे. जूनअखेर बोटं बसली.

लिबरऑफिसमध्ये आणखी एक गोष्ट करावी लागली. मजकुराची भाषा हिंदी राहिली तर नोटो फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. भाषा मराठी केली की आपल्या पाठ्यपुस्तकातल्यासारखे होतात. मुलांना फरक पडत नाही, मला पडतो.

४ जीबी रॅम मात्र ४ जीबीच आहे. नुसता डेस्कटॉप पाऊणएक जीबी घेतो, पण फायरफॉक्समध्ये मीट चालू असताना प्रश्नपत्रिका उघडली तर माउस अडखळतो. मीटच्या वेळी बाकी सगळं बंद करते. बॅटरी तासभर टिकते, जेवढी आधी टिकायची तेवढीच.

हरले ती प्रिंटरपुढे. माझ्या जुन्या लेझर प्रिंटरला मिंटमध्ये सरळ चालणारा ड्रायव्हर मिळाला नाही. दोन रविवार घातले, मग सोडून दिलं. आता पीडीएफ करून समोरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवते. नाहीतरी चाळीस प्रती तिथेच काढाव्या लागतात. ज्यांचं रोजचं कामच घरच्या प्रिंटरवर आहे त्यांनी आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून एक पान छापून बघावं. पान निघालं तरच पुढचा विचार.

दिवाळीपासून विंडोज एकदाच उघडलं, जानेवारीत, झेरॉक्सचं दुकान बंद होतं आणि सराव परीक्षेला तासभर उरला होता म्हणून. सुरू व्हायला नेहमीसारखीच चार मिनिटं लागली. घड्याळ मात्र बरोबर होतं.