हजाराच्या आसपासचा दुहेरी धार-पट्टा: फळी उत्तम, कातडं निम्मं, वडी बदला

स्वयंपाकघरातली सुरी, सुताराची पटाशी, चपला शिवणाऱ्याची रापी, दाढीचा वस्तरा या सगळ्यांची धार टिकवायला चामड्याचा पट्टा, म्हणजे स्ट्रॉप, आता घरपोच मिळतो. सलूनमध्ये अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा आला आणि खुर्चीला लटकणारा पट्टा बाजारातून जवळजवळ गेलाच होता. तो परत आला ते चांगलंच झालं. इथे ज्याची पारख केली आहे तो प्रकार असा: मूठ असलेली लाकडी फळी, एका अंगाला गुळगुळीत कातडं, दुसऱ्या अंगाला खरबरीत, सोबत कातड्यावर चोळायची घासणाऱ्या मेणाची हिरवी वडी. किंमत हजार रुपयांच्या आत-बाहेर. या साच्याचा माल अनेक नावांनी विकला जातो, तेव्हा नावापेक्षा तो तपासायचा कसा हे जास्त कामाचं.

निकाल आधीच सांगते: पाचपैकी तीन. फळीला पूर्ण गुण, गुळगुळीत बाजू चालण्यासारखी, खरबरीत बाजू सोलून टाकण्यासारखी आणि वडी फक्त भाजीच्या सुरीपुरती. जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या माणसाला याहून सरस पट्टा घरी करता येतो. त्याची कृतीही पुढे दिली आहे.

आधी पट्टा करतो काय ते. दगडावर धार लावली की कडेला धातूची अतिबारीक पापडी पलीकडे वळलेली राहते. वर्कशॉपात तिला बर म्हणतात. पट्टा ही बर उतरवतो, वाकलेली कड सरळ करतो आणि दगडाचे ओरखडे गुळगुळीत करतो. बोथट सुरीला धार आणणं किंवा पात्यातला दाता भरून काढणं हे त्याचं काम नाही. त्यासाठी १००० ग्रिटचा दगड आणि त्यानंतर ३००० किंवा त्यापुढचा दगड लागतोच (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). खोक्यावर 'दगडाची गरज नाही' असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

फळी खरंच चांगली आहे. स्टीलची पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून उजेडाकडे धरली तरी फट दिसत नाही. मूठ कातड्याच्या पातळीपेक्षा खाली घेतली आहे, त्यामुळे ओढताना बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत. टेबलाच्या कडेला टेकवून धरली तर डुगडुगत नाही.

कातड्याकडे मात्र बारकाईनं पाहावं लागतं, आणि ते वरून नव्हे तर कडेनं. गुळगुळीत बाजूचं कातडं २ मिमीच्या जवळपास आणि कापलेली कड आरपार एकसारखी तपकिरी. पाण्याचा एक थेंब टाकला की तो हळूहळू आत मुरतो आणि तिथे गडद डाग पडतो. झाडाच्या सालीत कमावलेल्या कातड्याच्या या खुणा. असं कातडं घट्ट असतं, अंगठा दाबला तरी रुतत नाही. खरबरीत बाजूची कड मधोमध निळसर-राखी दिसते. ते क्रोममध्ये कमावलेलं, मऊ, ताणलं की ताणणारं कातडं. त्यावर कळस म्हणजे खाली स्पंजासारखा थर चिकटवला आहे. हाताला छान लागतं, पण धारेचा घात तिथेच होतो. पातं ओढताना कातडं दबतं आणि धारेच्या मागे लगेच वर उसळतं. मऊ कातडं जास्त उसळतं, कडेला वेढून वर येतं आणि टोक गोल करून जातं. सुरी चकाकते, पण टोमॅटोच्या सालीवरून घसरते. 'पट्टा मारून धार गेली' अशी तक्रार करणाऱ्यांच्या पट्ट्याची कड आधी तपासावी.

हिरव्या वडीतला रंग क्रोमियम ऑक्साइडचा. शुद्ध आणि बारीक दळलेला असेल तर कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पण स्वस्त वडीत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे मोठे कण मिसळलेले असतात. सराफाकडचं दहापट भिंग असेल तर हे डोळ्यांनी दिसतं: आरशासारख्या केलेल्या वस्तऱ्याच्या कडेवर या वडीचे दहा हात मारले की चकाकी धुरकट होते आणि एकाच दिशेच्या रेघा उमटतात. भाजीच्या सुरीला त्या थोड्या खरखरीत धारेचा उलट फायदाच होतो, कारण सालीत ती पटकन शिरते. वस्तऱ्याला ती वडी अजिबात लावू नये. वस्तऱ्यासाठी कोरं कातडं पुरतं. अगदी हवीच तर ०.५ किंवा ०.२५ मायक्रॉनची डायमंड पेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी. पटाशी, रंध्याचं पातं आणि रापी यांना १ मायक्रॉन योग्य.

वडी लावण्यात बहुतेकांचा हात जड पडतो. फळ्यावर खडू ओढावा तशी हलक्या हातानं फिरवायची, मधूनमधून कातडं दिसत राहिलं पाहिजे. मग पाच मिनिटं उन्हात ठेवून बोटानं चोळली की वडीतलं मेण सैल होतं आणि थर सारखा बसतो. थर जाड झाला की काळ्या गोळ्या धरतात आणि पातं कातड्यावर न चालता त्या मेणावर तरंगतं. तसं झालं तर स्टीलच्या पट्टीच्या कडेनं हलकेच खरवडा, रॉकेलच्या ओल्या फडक्यानं पुसा, सुकू द्या आणि पुन्हा लावा. पट्ट्यावर काळ्या रेघा येणं चांगलं लक्षण आहे, ते पात्याचं निघालेलं लोखंड असतं.

आता हात कसा मारायचा. पातं नेहमी पाठीकडून पुढे जातं, धार मागून येते. उलटं केलं तर कातड्यात चिरा पडतात. सुरीचा कोन एका बाजूला १५ ते २० अंश. तो शोधायला पातं कातड्यावर आडवं ठेवा, धारेच्या दिशेनं अलगद ढकलत पाठ थोडी थोडी उचला. धार कातड्याला चावायला लागली की थांबा, आणि किंचित खाली या. हाच कोन. खात्री करायची तर धारेच्या उतारावर मार्करची शाई लावा आणि दोन हात मारा. शाई अगदी कडेची गेली पाहिजे. फक्त वरच्या अंगाची गेली तर पाठ फार खाली आहे. वस्तऱ्याचा प्रश्न सोपा, पाठ आणि धार दोन्ही कातड्याला टेकूनच राहतात. फेरी संपली की पातं पाठीवर उलटवायचं, धारेवर कधीच नाही.

दाब हा दुसरा मोठा दोष. किचनच्या वजनकाट्यावर फळी ठेवून काटा शून्यावर आणा आणि हात मारून पाहा. सुरीसाठी काटा २०० ते ३०० ग्रॅमपर्यंत आला की पुरे, वस्तऱ्याला पात्याचं स्वतःचं वजनच बस. दगडावरून आल्यावर प्रत्येक बाजूला २० ते ३० हात, एरवी रोजच्या सुरीला आठवड्यातून दहा. पट्ट्यावर नेण्याआधी पातं धुऊन कोरडं पुसायचं, दगडाचा एक कण कातड्यात रुतला तरी तो पुढे प्रत्येक पात्यावर रेघ ओढत राहतो. पट्ट्यावरून उतरलेली सुरीही धुऊनच भाजीला लावायची.

कागद कापून दाखवण्यापेक्षा आपल्याकडची खरी परीक्षा भरिताच्या तयारीत होते. कांद्याच्या हिरव्या पातीची जुडी घ्या आणि सुरी न दाबता पुढे ओढा. प्रत्येक नळी गोल राहून सुटी पडली तर धार बरोबर. नळ्या चपट्या झाल्या, खालची साल जोडलेली राहिली किंवा पाटावर हिरवं पाणी सुटलं तर बर अजून तिथेच आहे. गुळगुळीत बाजूनं ही परीक्षा सहज पार पडते, खरबरीत बाजूनं नाही.

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडून सुरी करून घेतली आणि थेट पट्ट्यावर ओढली तर निराशा होईल. कोरड्या चाकाची बर मोठी असते, पट्ट्यावर ती तुटते आणि मागे दातेरी कड राहते. आधी बारीक दगडावर पाच-सात हात मारा. चाकावर धारेला निळसर झाक आली असेल तर तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं आहे. तेवढा भाग दगडावर घासून काढण्याशिवाय इलाज नाही.

घरी करायचा पट्टा असा. सागवानाचा ३५० × ६० × १८ मिमीचा तुकडा वखारीतून घ्या आणि रंधून सपाट करून आणा. २५० मिमी कातड्याला, १०० मिमी मुठीला. कातडं अडीच ते तीन मिमी जाडीचं, सालीत कमावलेलं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात, ते बनवणाऱ्या-विकणाऱ्याकडे तुकडा मागता येतो. आपल्या भागात दुसरी जागा म्हणजे घोड्याच्या सामानाची दुकानं. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीपासून घोडेबाजार भरतो, तिथे लगाम, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा), रकाबीचे पट्टे विकायला असतात. नायलॉन आणि रेक्झिनही भरपूर असतं, म्हणून कड पाहूनच घ्या. रुंद तंगाचा तुकडा मिळाला तर पट्ट्याला याहून चांगलं कातडं शोधायची गरज नाही.

कातडं चारी बाजूंनी ५ मिमी जास्त कापा. चपलांना लावतात तो रबरी सोल्यूशन फळीला आणि कातड्याच्या खरबरीत बाजूला पातळ लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग एका टोकापासून बसवत जा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. लाटणं फिरवून हवा काढा, पाट्याखाली रात्रभर दाबून ठेवा आणि सकाळी कडा रापीनं छाटा. पांढरा फेविकॉल चालतो, पण त्यातल्या पाण्यानं कातडं फुगतं आणि सुकताना कडा उचलते, म्हणून वजन पूर्ण २४ तास ठेवावं लागतं. मग २२० चा आणि नंतर ४०० चा पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळून फक्त वरची चकाकी जाईल इतकं घासा. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचे तीन-चार थेंब चोळा. सरकीचं किंवा शेंगदाण्याचं तेल नको, ते कालांतरानं चिकट होतं आणि धूळ धरतं.

आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत पट्टा राहिला की सोल्यूशन मऊ पडतं, कातडं सरकतं आणि कोपरे वळतात. विकतच्या पट्ट्याच्या कडा तर आधीच सुटतात, कारण गोंद कडेपर्यंत पोचलेला नसतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, पांढरी बुरशी येते. आलीच तर कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत वाऱ्यावर ठेवा.

विळीचं पातं हलवता येत नाही, तिथे पट्टाच हातात घेऊन पाठीकडून धारेकडे ओढायचा आणि धारेच्या बाहेर काढायचा. लांब मुठीमुळे विकतचा पट्टा या कामाला सोयीचा पडतो. बाक असलेल्या विळ्याला सपाट फळी टेकत नाही, गोल दांड्यावर कातडं गुंडाळून चिकटवावं लागतं. रावेर-यावलकडे केळीचा घड उतरवणाऱ्या कोयत्याला चीक लागून पातं काळं पडतं, तो चीक आधी पुसून काढा, नाहीतर कातड्यावर त्याचा थर बसतो. दातेरी विळ्याला पट्टा लावू नका.

विकत घ्यायचाच असेल तर फक्त गुळगुळीत बाजूचा, वडीशिवायचा मिळतो का ते विचारा. दुहेरी घेतलाच असेल तर खरबरीत बाजूचं कातडं आणि खालचा स्पंज सोलून काढा, सोल्यूशनचे अवशेष खरवडा आणि त्या जागी तंगाचा तुकडा चिकटवा. फळी तेवढी चांगली आहेच.