पितळेच्या एच केलेल्या बाजू: सहा डबे, नऊ महिन्यांनंतर

माझ्या मॉडेल रेल्वेच्या एचओ मापाच्या (खऱ्याच्या १:८७) सहा प्रवासी डब्यांना मी पितळेच्या एच केलेल्या, म्हणजे पत्र्यातला नको तो भाग रसायनाने खाऊन आकार काढलेल्या, बाजू बसवल्या, त्याला आता नऊ महिने झाले. चार डब्यांच्या बाजू माझ्या आराखड्यावरून एचिंगचं काम घेणाऱ्याकडून करून घेतल्या, दोन डब्यांच्या घरीच केल्या. पहिल्या आठवड्यात मी नुसतं खिडक्यांचं कौतुक केलं असतं. आज मात्र सगळ्यात जास्त सांगायचंय ते ही बाजू डब्याला धरून कशी ठेवायची याबद्दल, कारण माझी मेहनत तिथेच वाया गेली.

तरी खिडक्यांबद्दल आधी, कारण सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. १:८७ मापात १ मिमी जाडीची प्लास्टिकची भिंत म्हणजे खऱ्या डब्यात ८७ मिमी. काच इतकी आत गेली की खिडकी खिडकी वाटत नाही, भोक वाटतं. माझा पत्रा ०.३८ मिमीचा आहे. मागून पातळ पारदर्शक पट्टी लावली की काच जिथे दिसायला हवी तिथेच दिसते. गाडी डोळ्यांच्या पातळीवरून जाते तेव्हा आजही मी हातातलं काम थांबवून बघतो. गुळगुळीत बाजूंच्या डब्यांना ही पद्धत फार शोभते. बड या अमेरिकन डबे बनवणाऱ्या कंपनीच्या, १९३४ च्या बर्लिंग्टन झेफर या गाडीसारख्या, स्टेनलेस स्टीलच्या पन्हळी बाजूंसाठी मात्र मी ती सुचवणार नाही. एचिंगने चर पडतात, पण पन्हळीची गोलाई येत नाही. तिथे साच्यातलं प्लास्टिकच बरं.

घरच्या एचिंगबद्दल थोडक्यात. पत्र्याच्या दोन्ही अंगांना फोटोरेझिस्टची (प्रकाश पडेल तिथे टिकून पत्र्याला रसायनापासून वाचवणारी) फिल्म, अतिनील प्रकाश, धुण्याच्या सोड्यात डेव्हलपिंग आणि मग कोमट फेरिक क्लोराइड. यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ती लांबी. ८५ फुटी डबा या मापात जवळजवळ २९८ मिमी भरतो. आराखडा जिच्यावर छापतो ती पारदर्शक फिल्म लेझर प्रिंटरच्या उष्णतेने किंचित आक्रसते, आणि पुढची व मागची फिल्म सारखीच आक्रसेल याचा भरवसा नाही. एका टोकाला दोन्ही चित्रं तंतोतंत जुळवली, तर दुसऱ्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची तफावत निघाली आणि तिथल्या खिडक्यांच्या कडांना पायरी आली. शिवाय रसायन जसं खाली खातं तसं आडवंही खातं, त्यामुळे पत्र्याच्या जाडीपेक्षा अरुंद फट नीट निघतच नाही. पायऱ्या, जाळ्या, नावाच्या पाट्या मी यापुढेही घरीच करीन. पूर्ण लांबीची बाजू नाही. आणि वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेलं तांबं असतं. ते बाटलीत साठवून घातक कचऱ्याबरोबरच द्यावं.

आता मुख्य दुखणं. पहिल्या चार डब्यांच्या बाजू मी स्टायरीन या प्लास्टिकच्या सांगाड्यावर इपॉक्सीने संपूर्ण लांबीभर चिकटवल्या. दिवस उकाड्याचे होते. पत्रा घासून, पुसून घेतला होता आणि जोड इतका पक्का बसला की मी निश्चिंत झालो. थंडी पडली आणि एका सकाळी दोन डब्यांच्या बाजू मधल्या खिडक्यांपाशी फुगलेल्या दिसल्या. कारण साधं आहे, मी आधी हिशेब करायला हवा होता. २० अंशांच्या फरकाने २९८ मिमी पितळ सुमारे ०.११ मिमी आकुंचन पावतं, स्टायरीन ०.४ मिमीहून जास्त. सांगाडा आखडतो, बाजू तेवढी आखडत नाही. उरलेल्या लांबीला बाहेर येण्यावाचून वाट नसते, आणि ती येते खिडक्यांच्या रांगेत, कारण तिथे धातू सर्वांत कमी आहे.

सोडवताना एक बाजू वाकली ती कायमची. पातळ पितळेला एकदा मोड पडली की ती प्रायमरखालीही उठून दिसते. उरलेल्या बाजूंना आतून वर आणि खाली पितळेच्या बारीक एल-पट्ट्या डाखून घेतल्या. प्रत्येक पट्टी सांगाड्याला मधोमध एकाच स्क्रूने पक्की केली. टोकांचे स्क्रू लांबट भोकांतून घेतले आणि घट्ट पिळले नाहीत. त्यानंतर थंडीही गेली आणि पुन्हा उकाडाही आला, एकही बाजू हललेली नाही. डाख देताना सलग ओढत जाऊ नका, नाहीतर उष्णतेनेच पत्रा वेडावाकडा होतो. थोड्या थोड्या अंतरावर ठिपके द्या, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला.

दुसरी तक्रार विजेची. दोन्ही अंगांनी एच केलेल्या पत्र्याच्या कडेला मधोमध बारीक धार राहते. ती कानशीने काढली नाही तर सुरीसारखी कापते. एका डब्यात आतल्या दिव्याच्या तारेचं आवरण खिडकीच्या कडेला घासून गेलं, बाजूत वीज उतरली, आणि वळणावर दुसऱ्या ध्रुवाच्या रुळावरचं चाक खालच्या कडेला टेकलं की शॉर्ट सर्किट होऊन अख्खा लेआउट (रुळांची सगळी मांडणी) बंद पडायचा. दोष सापडायला मला तीन संध्याकाळी लागल्या. आता प्रत्येक कड घासतो आणि चाकांसमोरच्या भागात आतून स्टायरीनची पातळ पट्टी लावतो.

रंगाने निराश केलं नाही. एच प्रायमरवर (धातूला घट्ट धरणाऱ्या अस्तरावर) दिलेला रंग टिकला आहे. फक्त डबा उचलताना बोटं लागतात त्या खालच्या कडेला दोन डब्यांचं पितळ डोकावू लागलंय. वजनाचा फायदा मी धरलाच नव्हता. दोन बाजू मिळून ४० ग्रॅमच्या आसपास भरतात आणि एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे या लांबीच्या डब्याला साधारण १९५ ग्रॅम लागतात, म्हणजे आत तेवढं शिसं कमी कोंबावं लागतं.

पुढच्या दोन डब्यांचा आराखडा बाहेर एचिंगला पाठवला आहे. त्यात एल-पट्ट्याही त्याच पत्र्यावर बसवल्या आहेत, घडीची रेघ अर्ध्या जाडीपर्यंत एच करून, आणि टोकांची भोकं लांबट काढली आहेत.