सव्वीस महिने सामान स्टोरेजमध्ये होतं, त्या स्टोरेजवाल्यांच्या कचऱ्याच्या कामाबद्दल लिहायलाच हवं

आमची सोसायटी पुण्यातल्या कोथरूडची, जुनी, तीन मजली, बिनलिफ्टची. रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा बिल्डरने भाडं दिलं पण त्यात मिळाला वन बीएचके आणि आमचं सामान चाळीस वर्षांचं. आईचे पितळेचे डबे, बाबांची पुस्तकं, शिसवी कपाट, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, यातलं काहीच टाकवत नव्हतं म्हणून हायवेपलीकडच्या एका सेल्फ स्टोरेजमध्ये साठ स्क्वेअर फुटांची खोली घेतली. मागच्या महिन्यात सगळं नवीन घरी आणलं, त्यामुळे सामान ठेवण्यापासून काढण्यापर्यंत सगळं डोळ्यांनी बघून लिहितेय. नाव टाकत नाही कारण एक तक्रार आहे आणि ती सोडवायला मी त्यांना वेळ दिलाय.

जागेबद्दल पटकन सांगते. कोरडी आहे, दोन पावसाळे गेले पण कपाटाला बुरशी नाही की पुस्तकांना वाळवी नाही. कुलूप आपलं, किल्ली आपल्याकडेच. महिना साडेचार हजार अधिक जीएसटी, डिपॉझिट दोन महिन्यांचं आणि ते आठ दिवसांत परत आलं. टेम्पो थेट शटरपर्यंत जातो. रविवारी संध्याकाळी सहाला बंद करतात, नोकरीवाल्यांना ते अडचणीचं होतं.

आता कचऱ्याचं. घर हलवताना किती कचरा होतो हे ज्यांनी हलवलंय त्यांना माहितीये. खोकी, टेप, बबल रॅप, थर्माकोल, तो पातळ चिकट प्लास्टिकचा रोल जो कपाटाभोवती गुंडाळतात, आणि शिवाय "हे कोणालातरी देऊन टाकू" म्हणून बाजूला काढलेला ढीग जो शेवटी जिन्याखालीच पडून राहतो. आमच्या गल्लीत आत्ता चार सोसायट्या पाडायला घेतल्यात, प्रत्येक गेटबाहेर गाद्या आणि तुटक्या खुर्च्या पडल्यात. मी लहान असताना सगळ्या शहराचा कचरा आमच्या पौड रोडच्या डेपोत यायचा, वारा सुटला की खिडक्या लावून घ्यायचो. आता तिथे मेट्रोचा डेपो झालाय तरी जुनी माणसं त्या भागाला कचरा डेपोच म्हणतात. आमच्या नाकासमोरून कचरा हलला तो उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांकडे गेला, तिथल्या लोकांच्या विहिरी नासल्या आणि त्यांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. आपण गेटबाहेर टाकलेलं कुणाच्या तरी दारात जाऊन पडतं हे मला त्यामुळे कधी विसरता आलं नाही.

म्हणून या लोकांचं पहिलं आवडलं ते हे, की बुकिंगआधी त्यांचा माणूस घरी येऊन गेला आणि एकेका वस्तूपाशी थांबून विचारत होता, ताई हे परत वापरणार का? जास्त सामान म्हणजे त्यांना जास्त भाडं, तरी तो कमी करायला सांगत होता. आमच्या चार गाद्या होत्या, दोन कापसाच्या आणि दोन फोमच्या. तो म्हणाला कापसाच्या पिंजाऱ्याकडे देऊन पिंजून घ्या, नव्यासारख्या होतील, फोमच्या मात्र पुढे कोणी घेत नाही, तेव्हा चांगल्या आहेत तोवर वापरणाऱ्याला द्या. कापसाच्या पिंजून घेतल्या, आई आता त्याच्यावरच झोपते. फोमच्या शेजारच्या वॉचमनकाकांनी गावी नेल्या. आम्ही ऐंशी फुटांची खोली घेणार होतो, ती साठवर आली.

दुसरं म्हणजे खोकी. नवीन खोकं ऐंशी रुपये आणि वापरलेलं वीस, ते धड अवस्थेत परत दिलं तर वीसचे वीस परत. आम्ही तीस वापरलेलीच घेतली. आईला आधी पटेना, कुणाच्या घरची खोकी म्हणून. मग एकावर तिला दिसलं, निळ्या मार्करने लिहून खोडलेलं "किचन, काच, सांभाळून", त्याखाली दुसऱ्या अक्षरात "बाळाचे स्वेटर" आणि बाजूच्या झाकणावर बारीक पेन्सिलीने "फराळाचे डबे, वरचा माळा". आई ते हातात घेऊन बराच वेळ वाचत बसली. मग तिने स्वतःच मार्कर मागून घेतला आणि खाली लिहिलं, "देवघर". त्यानंतर खोक्यांबद्दल एक शब्द बोलली नाही.

काचेच्या वस्तूंना बबल रॅपऐवजी आपल्याच जुन्या साड्या आणि चादरी वापरा असं ते सांगतात. बरण्या आईच्या सुती साड्यांत गुंडाळल्या, एकही फुटली नाही. फर्निचरला त्यांची जाड गोधडीसारखी कव्हर्स आहेत, ती धुऊन परत परत वापरतात.

गेटच्या मागे पत्र्याच्या शेडखाली जाळीचे चार कप्पे केलेत, पुठ्ठा, पातळ प्लास्टिक, लाकूड-लोखंड आणि कपडे. तिथे आठवड्यातून दोनदा दोन कचरावेचक मावशी येतात. मी एकदा खोकी द्यायला गेले तेव्हा एक मावशी खाली बसून अर्ध्या ब्लेडने खोक्यावरचा ब्राऊन टेप सोलत होत्या, एका लयीत, टेपचा गोळा एकीकडे आणि सपाट केलेला पुठ्ठा दुसरीकडे. म्हणाल्या, "ताई, टेप काढूनच देत जा, नाहीतर एकेक सोलत बसावं लागतं आणि त्या वेळेचे पैसे कोण देतं?" पुठ्ठा ओला झाला की भाव पडतो, प्लास्टिकच्या रोलला टेप चिकटलेला असला की घेणारा नाकं मुरडतो, हेही त्यांनीच सांगितलं. त्या दिवसापासून मी खोक्याला टेपऐवजी सुतळी बांधायला लागले. इथे त्यांना माल विकून मिळतं ते त्यांचंच, आणि वर जागा साफ ठेवायचे महिन्याचे पैसे वेगळे मिळतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पुण्यात बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, पुढे त्यातूनच वेचकांची स्वतःची स्वच्छ संस्था झाली जी आज घरोघरी कचरा गोळा करते, म्हणजे या बायकांच्या कामाला काम म्हणा हे सांगायला या शहरात किती वर्षं लढावं लागलं बघा. कितीतरी ऑफिसं अजूनही "माल फुकट नेता ना मग झाडूनही द्या" म्हणतात. इथे तसं नाही, मावशींना बसायला सावली आहे, हात धुवायला नळ आहे आणि चहाच्या वेळी त्यांनाही चहा येतो.

आता तक्रार. ऑफिसात ई-कचऱ्याचा एक ड्रम ठेवलाय, जुने चार्जर, वायरी, रिमोट टाका म्हणतात. मी आमचा डबा टीव्ही, तो मागे फुगीर असतो तो, तिथे द्यायला नेला आणि विचारलं की हे पुढे कुठे जातं. मॅनेजर म्हणाले भंगारवाला नेतो. अहो पण त्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, आणि वायरी तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात, तो धूर कुणीतरी श्वासात घेतं ना! ई-कचऱ्याचे नवीन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, माल शेवटी रजिस्टर्ड रिसायकलरकडेच जायला हवा, आणि तो तिथे गेला याचा कागद यांच्याकडे असावा ही माझी अपेक्षा. कागद मागितला तर नव्हता. मी टीव्ही परत गाडीत घातला आणि स्वच्छचं ई-कचरा संकलन होतं तेव्हा तिथे दिला. मॅनेजरांनी माझ्यासमोर ड्रमवर चिठ्ठी लावली की तूर्तास काही टाकू नये, आणि रजिस्टर्ड माणूस शोधतो म्हणाले. अजून शोधतायत. भिंतीवर हिरवं पान काढून "आम्ही ई-कचरा रिसायकल करतो" असं लिहिलंय ते तोवर पुसायला हवं, मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

आणि सामान परत आणताना बाहेरच्या एजन्सीची पोरं होती, त्यांनी घरी येऊन तो प्लास्टिकचा रोल टराटरा फाडला आणि पॅसेजमध्ये ढीग टाकून निघाली. करारात लिहिलंय की पॅकिंगचा कचरा परत नेणार. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि नेलं, पण फोन करावा लागला. तुम्ही घेणार असाल तर सामान उतरवायच्या दिवशीच पोरांना आधी सांगून ठेवा, आणि शेवटचं पेमेंट कचरा खाली गेल्यावर करा.

तीसपैकी एकोणतीस खोकी परत दिली, पैसे तिथल्या तिथे मिळाले. "देवघर" लिहिलेलं खोकं आई देत नाहीये, त्यात ती आता गणपतीची आरास ठेवणार आहे. मॅनेजरांना विचारलं तर म्हणाले राहू दे काकूंना.

पाचपैकी चार देते. ड्रमचा कागद दाखवला की पाचवा स्टार देईन आणि नावही टाकेन.