युद्धकाळात कोळसा कुठे साठवावा: खाणीवर की वीजकेंद्रात?

ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून महाराष्ट्राच्या विजेचा तोल सांभाळला जातो, पण आपल्या नवी मुंबईतले दिवे बऱ्याच अंशी विदर्भातल्या कोळशावर जळतात. साठा खाणीवर ठेवणं स्वस्त, शिवाय हव्या त्या वीजकेंद्राकडे वळवता येतो. पण युद्धात रेल्वे आधी सैन्य आणि दारूगोळा वाहणार. एका मालगाडीत सुमारे ४,००० टन मावतो. गाडीच मिळाली नाही तर खाणीवरचा डोंगर काय कामाचा? माझा कौल वीजकेंद्रातल्या साठ्यालाच. खाणीपासून दूरच्या केंद्रांसाठी २० ते २६ दिवस पुरेल इतक्या साठ्याचा निकष २०२१ मध्ये ठरला आहे. तेवढा साठा शांततेतच भरून ठेवायला हवा. धोका एकच मोठा, कोळसा आपोआप पेटतो. थर दाबून हवा शिरू द्यायची नाही, जुना माल आधी जाळायचा. उन्हाळ्यात तर डोळ्यांत तेल घालून.